भिंतीवर लाल बाण आणि ३.३५: इंदूरच्या जुन्या घराचं काय करायचं?

ओटल्यावरची (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. मी इथे वाचायलाच येते, लिहायची ही फार तर तिसरी वेळ. विषय घराचा आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर इंदूरला, राजवाड्यापासून पायी सात-आठ मिनिटांवर. गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही. सासऱ्यांच्या आजोबांनी होळकरांच्या राज्यात बांधलेलं. लाकडी खांब, कडीपाट, समोर ओटला, वर गॅलरी. रुंदी १८ फूट आणि खोली ४२ फूट, म्हणजे आगगाडीचा डबाच. गल्लीत अशी तीसेक घरं. परवा सकाळी दोन पोरं आणि एक साहेब टेप घेऊन आले, मी कुकरच्या शिट्ट्या मोजून बाहेर येईपर्यंत आमच्या भिंतीवर लाल बाण काढून खाली ३.३५ लिहून पुढच्या घरी पोचले पण. विचारलं तर म्हणे "माताजी, अभी तो सिर्फ नपती है". (वय ४६. माताजी!)

३.३५ मीटर म्हणजे ११ फूट. त्यात काय काय जातं तर ओटला, बैठक, गॅलरी आणि जिना. जिना गेला की वरच्या दोन खोल्यांत जायचं कसं? बैठकीत आजेसासूबाई झोपतात, वय ९१, त्यांना अजून कोणी सांगितलं नाहीये, रंग कसला म्हणून विचारलं तर ह्यांनी सांगितलं निवडणुकीचा. खाली कोपऱ्यात पागडीवर एक शिलाईचं दुकान आहे, चाळीस वर्षांपासूनचं, तो भला माणूस दोन दिवस झाले जेवत नाहीये.

प्लॅन असा ऐकलाय की गल्ली १२ मीटर करायची, आणि मागच्या बाखळीतली (एका चौकाभोवतीची) घरं काढून तिथे पार्किंग आणि मल्टी (बहुमजली इमारत), ज्यांचं पूर्ण जाईल त्यांना तिथेच फ्लॅट. नकाशा कोणी बघितलेला नाही. व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय, त्यात आमच्या गल्लीच्या जागी झाडं आणि सायकलवर बसलेली एक गोरी बाई दाखवलीय.

कोणाला असा अनुभव असेल तर सांगा. भांडायचं की जे मिळतंय ते घ्यायचं?

---

भिया_जेलरोडवाले

सगळ्यात आधी निशाणाचा फोटो काढा, बाजूला टेप धरून आणि त्या दिवशीचा पेपर धरून. नंतर निशाण सरकतं. मस्करी नाही करत आहे, आमच्या मावसभावाच्या घरी पाऊस पडला, निशाण धुतलं गेलं, दुसऱ्यांदा आले तेव्हा दीड फूट आत गेलं होतं.

परदेशस्थ_माळवी

वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या गल्ल्या, ते ओटले, संध्याकाळी सरकत जाणारं ऊन... आपला वारसा आपणच पुसतोय. स्मार्ट सिटीच्या नावाखाली शहराचा आत्मा विकला.

मालवी_मिरची

@परदेशस्थ_माळवी दादा, आत्मा तुम्ही न्यू जर्सीला गेलात तेव्हा सोबत नेला असता तर बरं झालं असतं. ताईंना जिन्याचं विचारायचंय.

दवाखान्यातला

मला शिव्या पडणार तरी लिहितो. मी पण त्याच भागात वाढलो, आमची गल्ली नऊ-दहा फुटांची. २०१६ साली बाबांना रात्री अटॅक आला, ॲम्ब्युलन्स तोंडाशी थांबली, मी आणि शेजारच्या पोरानं त्यांना खुर्चीत बसवून नेलं. १४० पावलं. मी नंतर मोजली, किती वेळा मोजली सांगत नाही. बाबा वाचले नाहीत. ॲम्ब्युलन्स दारात आली असती तर वाचले असते असंही म्हणत नाही मी. पण लाकडी घरांच्या दाटीत उद्या आग लागली तर बंब कुठून येणार? १९८४ मध्ये राजवाडा जळाला तो चांगल्या मोकळ्या चौकात होता, तरी मागचा भाग गेलाच. रस्ता रुंद व्हायलाच नको असं म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री दोन वाजता त्या गल्लीत पेशंट घेऊन उतरून बघावं.

ओटल्यावरची

@दवाखान्यातला शिव्या कशाला पडतील. आमचे सासरे पण असेच गेले, फक्त आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स येते, आली पण होती. आमची गल्ली नऊ फुटांची नाहीये, दोन गाड्या आरामात निघतात. म्हणूनच तर कळत नाही १२ मीटर कशाला.

नानासाहेब_७४

थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. पॅट्रिक गेडीज नावाचा एक स्कॉटिश माणूस होळकर दरबारानं इंदूरला बोलावला होता. शहरात प्लेग होता. १९१८ ला त्याचा दोन खंडांचा अहवाल छापून निघाला, शहराच्या नियोजनाचा. हा गृहस्थ पायी गल्ल्या हिंडायचा. त्याचं म्हणणं असं की नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता मारला की चांगली घरं पण जातात, आणि तिथली माणसं दुसऱ्या दाटीत जाऊन तिथली दाटी वाढवतात. त्यापेक्षा खरोखर पडायला आलेलं असेल तेवढंच काढा, त्या जागी मोकळा चौक ठेवा, झाड लावा, बाकी घरं दुरुस्त करा. त्याला तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचा. दिवाळीत त्यानं मिरवणूक काढली, प्लेगच्या उंदराचा पुतळा घेऊन, सफाई कामगारांना हारतुरे घालून, आणि आधी सांगून ठेवलं की ज्या रस्त्यावरचे लोक घरं सगळ्यात चांगली साफ करतील, रंगवतील, त्या रस्त्यानं मिरवणूक जाईल. लोकांनी घरं घासून काढली. आज आपण स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून मिरवतो ना, त्याची ही आजी.

भिया_जेलरोडवाले

नाना एक नंबर. पण त्या गेडीजसाहेबाला आज आणला तर त्याला पण टोकन घेऊन बाहेर बेंचवर बसवतील.

ठाण्याचा_अमोल

तुमच्या इमारतीतल्या ५१ टक्के लोकांची संमती लागते पुनर्विकासाला. तेवढी नाही दिली तर काही करू शकत नाहीत. कॉर्पस फंड आणि भाडं आगाऊ मागा.

वकिलीण_बाई

@ठाण्याचा_अमोल ते महाराष्ट्रातल्या सोसायट्यांचं, आणि ताई मध्य प्रदेशात आहेत, त्यांची सोसायटी नाही, स्वतंत्र रजिस्ट्रीची घरं आहेत. कृपया त्यांना भलत्या रस्त्याला लावू नका.

ताई, मी हायकोर्टात प्रॅक्टिस करते, आपल्या केसचे कागद बघितलेले नाहीत म्हणून ढोबळ सांगते. आपल्याकडे १९५६ चा महापालिका कायदा आहे. रस्त्याची रेषा ठरवून बांधकाम मागे घ्यायला लावायचं ते कलम ३०५, आणि त्याच्या भरपाईचं कलम ३०६. कलम ३१० वेगळं, ते जर्जर मकानाचं. तुम्हाला जी नोटीस येईल तिच्यावर कलम कोणतं लिहिलंय ते पहिलं बघा. ३१० असेल तर गोष्ट रस्त्याची राहत नाही, तुमचं घर धोकादायक आहे अशी होते, आणि मग भरपाईचा विषयच बाजूला पडतो. पागडीवाल्यांना काढायला पण हीच वाट वापरतात, कधीकधी घरमालक स्वतःच. तुमच्याबद्दल नाही म्हणत.

दुसरं म्हणजे, आता कोणीतरी येऊन सांगेल की सुप्रीम कोर्टानं १५ दिवसांच्या नोटिसीचा नियम केलाय.

राऊकर_पप्पू

हो ना! तेच लिहायला आलो होतो. बुलडोझरवाला निकाल. १५ दिवस द्यावेच लागतात, रजिस्टर पोस्टानं नोटीस, घरावर चिकटवायची पण, आणि तोडायचं तर व्हिडिओ काढून.

वकिलीण_बाई

@राऊकर_पप्पू आलात बघा :) तो १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल. बरोबर आहे, पण त्यात अपवाद आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला तो लागत नाही. समोरची बाजू पहिलं वाक्य हेच म्हणणार की ओटला रस्त्यावर आहे. म्हणून ताईंच्या कामाचा निकाल त्याच्या आठवडाभर आधीचा, ६ नोव्हेंबर २०२४. उत्तर प्रदेशात महाराजगंजला २०१९ मध्ये रस्ता रुंद करताना एका माणसाचं घर पाडलं. अतिक्रमण सांगितलं ३.७० मीटरचं आणि घर त्याहून बरंच जास्त आत पाडलं, तेही लेखी नोटीस न देता, नुसती दवंडी पिटून. कोर्टानं २५ लाख भरपाई द्यायला लावली आणि सगळ्या राज्यांना क्रम घालून दिला. आधी रेकॉर्ड आणि नकाशावरून बघा की रस्ता आत्ता आहे किती रुंद. मग मोजणी करून अतिक्रमण आहे का ते ठरवा. असेल तर नोटीस द्या, हरकत आली तर ऐकून कारणांसकट लेखी आदेश काढा. आणि अतिक्रमण नसून रस्ताच कमी पडत असेल तर कायद्यानं जमीन संपादन करा, पैसे देऊन.

म्हणजे भांडायचं की घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न: १२ मीटर कोणत्या कागदावर लिहिलंय?

सिव्हिलवाला

वकीलबाईंच्या आधीचा पण एक प्रश्न आहे. मोजलं कुठून? इंदूरचा मास्टर प्लॅन १ जानेवारी २००८ ला लागू झाला, २०२१ पर्यंतचा. त्यात रस्त्याला रुंदी असते, पण ती जागेवर उतरवताना सेंटर लाईन (रस्त्याची मधली रेषा) धरावी लागते, आणि सगळा खेळ त्या रेषेत. ताई, समोरच्या घरावर किती लिहिलंय?

ओटल्यावरची

आत्ता बाहेर जाऊन बघून आले. समोर १.९० लिहिलंय. मला वाटलं होतं त्यांचं घर आधीच मागे असेल.

सिव्हिलवाला

मागे-पुढेनं काही होत नाही. उद्या सकाळी टेप घ्या, तुमच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत किती ते मोजा, आणि मग फक्त सिमेंटचा रस्ता किती ते वेगळं मोजा. ओटला धरू नका, भिंत धरा. फुटात नको, मीटरमध्ये, नाहीतर त्यांच्या आकड्यांशी ताळमेळ बसणार नाही.

बडोदेकर_सुलू

मल्टीत फ्लॅट मिळणार म्हणतायत त्यावरून आठवलं. आमच्या बडोद्याला वारसियाकडे संजयनगर आहे, २०१७ साली झोपड्या पाडल्या, तिथेच पक्की घरं देतो म्हणून. लोक कित्येक वर्षं भाड्याच्या खोल्यांतून फिरत राहिले, ठरलेलं भाडं थकलं म्हणून मोर्चे निघाले. पोरं लहानाची मोठी झाली. तुमच्या मागच्या बाखळीतल्या लोकांना एवढंच सांगा की किल्ली हातात येईपर्यंत भाडं कोण देणार आणि थकलं तर कोणाच्या दारात जायचं, हे करारात लिहून घ्या. तोंडी नको.

गुंतवणूक_गुरू

सगळे भावनेत वाहतायत. ११ फूट गेले तरी रस्त्यावरची प्रॉपर्टी होते, भाव दुप्पट. शिवाय टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळेल. पुढे शटर लावून दुकानं काढा, भाड्यावर म्हातारपण निघेल.

सिव्हिलवाला

@गुंतवणूक_गुरू टीडीआरचे नियम आपल्याकडे २०१८ ला आले. तो कागद असतो, नोट नाही. बिल्डर घेईल तेव्हा आणि घेईल त्या भावानं पैसे. जास्तीचा एफएआर (प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते प्रमाण) घ्यायचा म्हटलं तर ताईंच्या हातात उरतं १८ बाय ३१, म्हणजे ५५८ चौरस फूट, दोन्हीकडे सामाईक भिंती. त्याच्यावर वर चढायचं तर पाया नवा, म्हणजे घर पूर्ण पाडायचं आणि पैसे स्वतःचे घालायचे.

आणि ११ फूट 'कापणे' हा प्रकार लाकडी घराला चालतच नाही. तुळया समोरून मागे जातात. पुढचा खांब काढला की तुळईचं टोक हवेत. वरचा कडीपाट, त्याच्यावरची माती, सगळं खाली. आधी आतून बल्ल्या लावायच्या, नवा खांब उभा करायचा, मग तुळई करवतीनं कापायची. जेसीबीनं ओढलं तर शेजाऱ्याची भिंत पण सोबत येते, कारण ती तुमच्या भिंतीला टेकलेली आहे. सरकारी मोजणीत ११ फूट लिहितात, घराला तेच वीस फूट लागतं.

ओटल्यावरची

मोजलं. सकाळी साडेसहाला, गाड्या लागायच्या आधी. टेपचं दुसरं टोक समोरच्या काकूंनी धरलं, त्यांना वाटलं मी पडदे शिवायला मोजतेय.

भिंत ते भिंत ६.७५ मीटर. सिमेंटचा रस्ता ५.३०. समोरच्या बाजूला उघडी नाली आणि पटिया मिळून १.४५.

सिव्हिलवाला

सापडलं. त्यांनी सिमेंटच्या रस्त्याचा मधला बिंदू धरलाय. ५.३० चा निम्मा २.६५, तिथून दोन्हीकडे सहा-सहा मीटर. ६ वजा २.६५ म्हणजे ३.३५, हे तुमचं. आणि समोर २.६५ अधिक नालीचे १.४५ म्हणजे ४.१०, तर ६ वजा ४.१० म्हणजे १.९०. दोन्ही आकडे तंतोतंत बसले. खरा मध्य भिंत ते भिंत धरला तर दोघांचे २.६२ आणि थोडं वर, म्हणजे ८ फूट ७ इंच. तुमच्या बाजूची नाली कुठे गेली?

ओटल्यावरची

आमच्या बाजूची नाली सासऱ्यांनीच झाकून घेतली होती, वास येतो म्हणून. अर्ज, चक्कर, अर्ज, चक्कर, सहा महिने मागे लागून. वर सिमेंट टाकून दिलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. म्हणजे त्या झाकलेल्या नालीमुळे आमचे सव्वादोन फूट जास्त जातायत. हसू की रडू.

आणि ऐका, आमचा जिना बैठकीच्या मागे सुरू होतो, ८ फूट ९ इंचांवर. दोन इंचांनी वाचतो!!

मालवी_मिरची

दोन इंच!! ताई देवापुढे साखर ठेवा.

समोरची_धाकटी

मी हा धागा कालपासून वाचतेय. मी त्याच काकूंची मुलगी, आता पुण्याला असते, आईनं फोनवर टेपचं सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वहिनी, तुमचा जिना वाचला तर आमचे १.९० चे २.६२ होतात. १.९० मध्ये आमची फक्त पडवी जाते. २.६२ मध्ये मोरी आणि संडास. आईचे गुडघे गेलेत, घरात तोच एक खालचा संडास आहे. मी भांडायला आले नाहीये. पण साखर ठेवण्याआधी बघा.

ओटल्यावरची

अगं.

मला खरंच सुचलं नाही. टेप धरायला तिलाच बोलावलं मी. दुपारी येते तिच्याकडे, तू फोन कर तेव्हा स्पीकरवर ठेवू.

दवाखान्यातला

हे वाचून मला पण बरं वाटेना. माझं रस्ता रुंद करायचं म्हणणं कायम आहे, पण बंब जायला ६.७५ मीटर कमी नाही. तुमच्या गल्लीत अडचण उभ्या केलेल्या कारची असणार. दोन्हीकडे लावतात का?

ओटल्यावरची

दोन्हीकडे. त्यातल्या अर्ध्या बाजारात आलेल्यांच्या.

नानासाहेब_७४

बघा, रेषा एक आणि दोन घरं एकमेकांच्या विरुद्ध उभी. कोणी मुद्दाम नाही केलं, तरी झालंच.

वकिलीण_बाई

म्हणून हरकत वेगवेगळी देऊ नका. तुम्ही लिहिणार 'मध्य सरकवा', त्या लिहिणार 'सरकवू नका', आणि ऑफिस दोन्ही अर्ज एकमेकांना जोडून दोन्ही निकालात काढेल. एकच अर्ज द्या, दोन्ही बाजूच्या घरांचा, पागडीवाल्यांच्या सह्यांसकट. मागणी तीनच. १२ मीटर रुंदी ज्या कागदावर आहे त्याची प्रत द्या. सध्याची रुंदी रेकॉर्डप्रमाणे किती ते लेखी सांगा. मोजणी कुठून केली त्याचा नकाशा द्या. सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि रेकॉर्डात रस्ता नऊ मीटरचा निघाला तर भिंत ते भिंत धरून एकेका बाजूला १.१२ मीटर येतं, म्हणजे पावणेचार फूट. ओटला आणि पडवी. जिना पण राहतो, मोरी पण. संपादन करायचंच म्हणाले तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी जागेला बाजारभावावर १०० टक्के सांत्वना रक्कम असते, टीडीआरवर गप्प बसायची सक्ती नाही.

गुंतवणूक_गुरू

मी फक्त सकारात्मक बाजू मांडली होती.

भिया_जेलरोडवाले

गुरुजी तुम्ही पोहे खा.

ओटल्यावरची

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा, धावपळ होती.

अर्ज गेला. ३१ पैकी २६ घरांच्या सह्या, वर शिलाईवाल्याची आणि बाखळीतल्या नऊ जणांची. पाच घरांनी नाही दिली, त्यात एकाचं म्हणणं की त्यांना फ्लॅटच हवाय, घर पावसात गळतं आणि सहा भावांत कोणी दुरुस्तीला पैसे काढत नाही. त्यांचं पण चूक म्हणवत नाही. काकूंची सही पहिल्या नंबरला आहे, माझी दुसऱ्या. त्या दिवशी दुपारी गेले तर त्यांनी चहा दिला पण पहिली दहा मिनिटं बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या "टेप मीच धरली की गं". सहीच्या दिवशी मात्र स्वतः वॉकर घेऊन सहा घरं फिरल्या.

ऑफिसात पोच द्यायला नाही म्हणत होते, वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे रजिस्टर पोस्टानं पण टाकलं. ऐकायला पुढच्या गुरुवारी बोलावलंय. आजेसासूबाईंना कळलंय, त्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांना वाचता येतं. म्हणाल्या "निवडणुकीला ३.३५ कोण उभं राहिलंय?"

आता एक काम आहे, म्हणून परत आले. वकीलबाई म्हणतात गल्ली पूर्वीपासून एवढीच रुंद आहे आणि ओटले रस्त्यात पुढे सरकवलेले नाहीत, हे दाखवणारा जुना फोटो असला तर कामाला येईल. आमच्याकडे फोटो भरपूर आहेत पण सगळे घराच्या आतले, पाटावर बसलेले. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत ज्यांची लग्नं, मुंजी झाल्या असतील त्यांनी पेट्या उघडून बघा. वरात असेल तर उत्तम, वरातीत दोन्हीकडचे ओटले येतात. नवरदेवाचं तोंड कापलं गेलं असलं तरी चालेल, नाली दिसली पाहिजे.